उलट्या दातांची करवत

माणसाला कुणी सहलीला बोलावलं, तर त्यानं पाण्याची बाटली भरावी, टोपी शोधावी आणि मुकाट निघावं. विमाकाकांनी तसं केलं नाही. त्यांनी करवतीचा अभ्यास सुरू केला.

झालं असं, की वरच्या मजल्यावर राहणारे दातांचे डॉक्टर जिन्यात भेटले. एका हातात पिशवी, दुसरा हात खिशात, किल्ली सापडत नाही. अशा वेळी माणूस तोंडाला येईल ते बोलतो. डॉक्टर म्हणाले, "काय काका, काकू नाही आल्या अजून? एकटेच? मग पुढच्या रविवारी चला की आमच्याबरोबर. टेकडीपलीकडे जंगलात जातो आम्ही. पायवाट मेली नेहमी फांद्यांनी बुजलेली असते. एखादी घडीची करवत मिळाली तर घेऊन या." एवढ्यात किल्ली सापडली आणि डॉक्टर गेले. गाडीपर्यंत पोचेस्तोवर आपण काय बोललो हे त्यांच्या लक्षातही राहिलं नसेल.

काका मात्र जिन्यात तसेच उभे राहिले. कुणीतरी आपल्याला बोलावलं आहे. आणि नुसतं बोलावलं नाही, काम सोपवलं आहे. देव माणसाला एकटं ठेवतो, पण अगदी रिकाम्या हातानं ठेवत नाही, असं त्यांचं जुनं मत होतं. आता हातात करवत यायची होती.

एकटे म्हणजे काय, तर काकू मुलीकडे गेल्या होत्या. मुलगी दूर परदेशात, तिथे नातू झाला होता. काकू जाताना सांगून गेल्या होत्या, 'बाळ जरा मान धरायला लागलं की आलेच.' बाळ आता मान धरू लागलं, कुशीवर वळू लागलं, बहुधा लवकरच नोकरीलाही लागणार होतं. दर फोनला काकू विचारायच्या, "तिकिटाचं काय करू? ही म्हणते अजून थांब." आणि दर फोनला काका म्हणायचे, "थांब की! माझी कसली काळजी? मी मजेत आहे."

मजेत म्हणजे अशी मजा : बाहेर जाताना काका रेडिओ चालू ठेवून जात, म्हणजे परत आल्यावर कुलूप काढताना आतून कुणाचा तरी आवाज येई. कुकरच्या शिट्ट्या ते मोठ्यानं मोजत. स्वयंपाकघराच्या खिडकीवर आवारातल्या झाडाची एक वाळकी फांदी वाऱ्यानं टकटक करायची. तिला काकू 'आली भवानी' म्हणायच्या. पूर्वी काकांना त्या आवाजाचा राग यायचा. आता टकटक झाली की ते पेपरातून डोकं न काढता विचारत, "कोण?"

पण हे असं फोनवर सांगायचं नसतं. अशानं बायको बाळ अर्ध्यावर टाकून येते, मुलगी ओशाळते आणि आपण स्वार्थी ठरतो. त्यामुळे 'मी मजेत आहे.' असो. नमनाला घडाभर तेल झालं. आता करवतीकडे वळू.

काकांना विमाकाका म्हणायचं कारण उघड आहे. उभा जन्म त्यांनी विमा कंपनीत अपघाती दाव्यांच्या टेबलावर काढला. परिणाम असा झाला, की जगातली कुठलीही वस्तू त्यांना नुसती दिसतच नसे. शिडी पाहिली की तिच्यावरून पडलेला माणूस दिसे, आणि तोही अपुरी कागदपत्रं घेऊन आलेला. मग घडीची करवत घ्यायची म्हणजे काय खेळ आहे? पातं मुठीत मिटतं. मिटताना बोट मध्ये आलं तर? उघडं असताना खटका सुटला तर? कापताना पातं मोडून उडालं आणि दातांच्या डॉक्टरांच्याच दाताला लागलं तर? तो दावा कोणत्या कलमाखाली यायचा? या प्रश्नावर काका चहा निवेपर्यंत विचार करत बसले.

पहिली करवत चौकातल्या हार्डवेअरच्या दुकानातून आणली. दुकानदार हा फार गोड माणूस. त्याच्या दुकानात कुठलीही वस्तू वाईट नसते आणि कुठल्याही वस्तूबद्दल त्याला काही माहीत नसतं.

"ही कशी आहे?" काकांनी विचारलं.

"एक नंबर."

"आणि ही?"

"तीही एक नंबर."

"मग दोघींत फरक काय?"

दुकानदारानं दोन्ही करवती निरखून पाहिल्या आणि म्हणाला, "हिची मूठ लाल आहे."

काकांनी लाल मुठीची घेतली. जंगलात हातून पडली तर दिसेल, हा त्यामागचा हिशेब. घरी आल्यावर चष्मा बदलून त्यांनी पातं खिडकीशी धरलं आणि पाहतात तो काय? करवतीचे दात उलटे होते! लहानपणी घरी येणाऱ्या सुताराची करवत त्यांनी पाहिली होती. तिचे दात पुढे तोंड करून असत. पुढे रेटली की लाकूड कापलं जाई. या करवतीचे दात मागे, मुठीकडे तोंड करून बसले होते. रुसलेल्या सुनेसारखे.

तरी त्यांनी प्रयोग करून पाहिला. मोरीतलं जुनं लाकडी स्टूल पुढ्यात घेतलं, देवाचं नाव घेतलं आणि करवत जोरानं पुढे रेटली. पातं धनुष्यासारखं वाकलं, टण्णकन उसळलं, स्टूल घसरलं आणि काका कपाटावर आपटले. कपाटावरचा पत्र्याचा डबा खाली आला. डब्यात काकूंनी जपून ठेवलेली बटणं होती. ती घरभर झाली.

तेवढ्यात दार वाजलं. सोसायटीचे सेक्रेटरी. हे गृहस्थ ऐन दुपारी वामकुक्षी सोडून दुसऱ्याच्या घरातले आवाज ऐकत पडलेले असतात.

"काका, फर्निचरचं काम चाललंय?"

"नाही हो. करवत तपासतोय."

"करवत?" सेक्रेटरींची नजर काकांवरून करवतीवर, करवतीवरून स्वयंपाकघराच्या खिडकीवर आणि खिडकीतून सरळ त्या फांदीवर गेली. "काका, झाड सोसायटीचं आहे हं. पानाला जरी हात लावला तरी ठराव लागेल."

"मी झाडाला कशाला हात लावू?"

"नाही, काकूंनी मागे तक्रार केली होती ना, टकटक होते म्हणून. आता त्या नाहीत तर तुम्ही गुपचूप..." पुढचं वाक्य त्यांनी भुवयांनी पूर्ण केलं.

ज्या माणसानं उभ्या आयुष्यात रांग मोडली नाही, त्याच्यावर झाड तोडल्याचा संशय! काका बटणं गोळा करत बराच वेळ फरशीवर बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी करवत परत.

"हिचे दात उलटे बसलेत."

दुकानदारानं पाहिलं. "खरंच की! वरूनच माल असा आला असेल काका. दुसरी घ्या." दुसरी करवत बाकदार पात्याची. तिचेही दात उलटे. तिसरी, सर्वांत महागाची, चामड्याच्या म्यानात बसणारी. तिचेही उलटे! दुकानदार हळहळला. "अख्खी पेटीच खराब आली वाटतं." काकांनी त्याला दिलासा दिला आणि कंपनीकडे तक्रार कशी करायची, कोणते पुरावे जोडायचे, याचं तिथेच गल्ल्यापाशी उभं राहून निरूपण केलं. मागे गिऱ्हाईकं ताटकळली. एकानं खिळे न घेताच काढता पाय घेतला.

शेवटी ती म्यानातली करवत घरी आली. निदान तिचा खटका तरी घट्ट होता. जिन्यात डॉक्टर भेटले. काकांनी संधी साधली. "डॉक्टर, हे दात जरा बघता का?"

डॉक्टरांनी सवयीप्रमाणे आधी काकांचं तोंड उघडायची वाट पाहिली. मग करवत उजेडात धरून म्हणाले, "अरे वा, सगळे मागे वळलेत. आमच्याकडे अशी केस आली तर आम्ही तार लावतो."

"म्हणजे दोष आहे?"

"दिसायला बरं नाही, पण चावायला काही अडचण नसावी," असा निर्वाळा देऊन डॉक्टर वर निघून गेले. सहलीचा विषय निघाला नाही. काकांना वाटलं, ठरलेल्या गोष्टीचा पुन्हा पुन्हा उच्चार कशाला?

आता न तपासलेलं हत्यार घेऊन जंगलात जाणं हे काकांच्या तत्त्वात बसत नव्हतं. स्टुलावर पुन्हा प्रयोग करायची छाती नव्हती. राहता राहिली खिडकीतली फांदी. वाळकी, मनगटाएवढी, जणू परीक्षेसाठीच देवानं खिडकीत धरलेली. पण काका चोरून कापणारे नव्हेत. ते रीतसर परवानगी काढायला बागखात्याच्या कार्यालयात गेले.

खिडकीपलीकडचा कारकून पेन्सिलीला टोक करत होता. काकांनी सगळं सांगितलं. झाड, फांदी, टकटक, करवत, सहल.

"अख्खं झाड पाडायचंय?" कारकुनानं विचारलं.

"नाही, एकच फांदी."

"मग अवघड आहे. अख्ख्या झाडाला अर्ज आहे. फांदीला नाही."

"पण फांदी वाळलेली आहे हो. मेलेलीच आहे."

"मेलेली?" कारकुनानं पहिल्यांदा मान वर केली. "मेलेल्या फांदीला परवानगी लागतच नाही."

काकांचा चेहरा उजळला.

"फक्त मेल्याचा दाखला आणा."

टेबलाच्या अलीकडे उभं राहिल्यावर टेबल किती उंच दिसतं, हे काकांना आज प्रथमच कळत होतं. 'फक्त दाखला आणा' हे वाक्य आपण आयुष्यभर याच सुरात, अशीच पेन्सिल धरून म्हणत आलो, असं वाटून त्यांनी कारकुनाला उगीचच नमस्कार केला आणि ते परत आले.

संध्याकाळी काकूंचा फोन.

"जेवलात?"

"हो."

"काय केलं होतंत?"

"ते... नेहमीचंच. अगं, मी करवत घेतली."

"करवत? ती कशाला?"

"सहलीला चाललोय. डॉक्टरांनी मुद्दाम बोलावलंय. करवतीशिवाय त्यांचं अडलंय."

"एवढं आयुष्य गेलं, मी बागेत चला म्हटलं तर तुमचे पाय दुखायचे," काकू हसल्या. मग जरा थांबून म्हणाल्या, "म्हणजे बरं चाललंय तुमचं. मग तिकिटाचं काय करू?"

"थांब की," काका म्हणाले. "मी मजेत आहे."

पलीकडून "बरं" आलं आणि फोन बंद झाला. खिडकीवर टकटक झाली. "कोण?" काका म्हणाले.

सहलीचा रविवार उजाडला. काका सर्वांच्या आधी फाटकापाशी हजर. डोक्यावर टोपी, पाठीवर पिशवी, कमरेला म्यान, म्यानात करवत. बोटाला आधीच चिकटपट्टी लावलेली. जखम व्हायची वाट कशाला बघा? पिशवीत डब्याशिवाय सगळ्यांना पुरतील एवढी बिस्किटं. झाडाखाली उभं राहून ते वाट बघू लागले. पेपरवाला आला, गेला. ऊन वरच्या मजल्यावरून उतरून फाटकापर्यंत पोचलं. डॉक्टरांच्या खिडकीचे पडदे मात्र हलले नाहीत.

दुधाची पिशवी घेऊन सेक्रेटरी आले आणि जागच्या जागी थिजले. "काका! सकाळी सकाळी, झाडाखाली, करवत घेऊन?"

"सहलीला चाललोय. डॉक्टरांबरोबर."

"ती तर रद्द झाली की. डॉक्टरांचं अंग मोडून आलंय. काल आलं होतं ना ग्रुपवर." सेक्रेटरींनी फोन काढला, वर-खाली बोट फिरवलं आणि मग त्यांच्याही आवाजातली धार गेली. "अरेच्चा. तुम्ही ग्रुपवर नाही वाटतं."

माणूस संशय सहन करू शकतो, कीव नाही. काकांची मान ताठ झाली.

"मला माहीत आहे," ते म्हणाले. "मी माझा वेगळा चाललोय." आणि त्या एका वाक्याची लाज राखायला त्यांना खरोखरच निघावं लागलं.

बसमध्ये पाय ठेवताच कंडक्टरची नजर कमरेवर गेली. "हे काय? हत्यार घेऊन चढता येणार नाही."

"हत्यार नाही, अवजार आहे."

"फरक काय दोन्हीत?"

"वापरणाऱ्याच्या मनात असतो," काका म्हणाले. एरवी हे वाक्य ऐकून एखाद्यानं मान डोलावली असती. कंडक्टरनं करवत काढून घेतली आणि ड्रायव्हरच्या सीटखाली सारली. मग काका सबंध प्रवासभर त्या सीटखाली नजर लावून बसले. स्टेशनात पोराला हरवून बसलेल्या बापासारखे. शेजारची बाई हळूच उठून मागे जाऊन बसली.

शेवटचा थांबा आला. करवत परत मिळाली. टेकडीची वाट सुरू झाली. सोबतीला आपलीच सावली, तीही आधी मागे, मग पुढे. काका दोन वेळा वाट चुकले. एकदा घसरून बसले. बिस्किटांचा पुडा काढला, तर तो सगळ्यांसाठी घेतलेला मोठा पुडा. एकट्यानं फोडायला जीव होईना, म्हणून तसाच परत ठेवला. डॉक्टर म्हणाले होते ते खरं होतं. वाट पुढे बुजलेलीच होती. मांडीएवढी जाड एक वाळकी फांदी आडवी पडली होती, दोन्ही बाजूंना काटेरी झुडूप.

आता मागे फिरायला हरकत नव्हती. कुणी बघत नव्हतं. पण सोपवलेलं काम होतं, मग सोपवणारा अंथरुणात का असेना. काकांनी करवत उघडली, खटका दोनदा तपासला, देवाचं नाव घेतलं आणि पातं फांदीवर ठेवून पुढे रेटलं. ते वाकलं. पुन्हा रेटलं. पुन्हा वाकलं. तिसऱ्यांदा सगळा भार घालून रेटलं, तेव्हा दात लाकडात असे रुतले की करवत पुढेही जाईना आणि वरही निघेना. काकांचा घाम गळू लागला. ते करवतीला बोलले, दुकानदाराला बोलले, अख्ख्या पेटीला बोलले, ज्या ग्रुपवर आपण नाही त्या ग्रुपला बोलले. आणि शेवटी संतापून, पाय फांदीवर रोवून, "चल नीघ!" म्हणत त्यांनी करवत आपल्याकडे खेचली.

खर्रर्र.

पांढरा भुसा त्यांच्या बुटावर पडला.

काका थांबले. चष्मा पुसला. पुन्हा हळूच आपल्याकडे ओढली. खर्रर्र. लोण्यात सुरी फिरावी तसं पातं आत गेलं. दात उलटे नव्हतेच. ही करवत ढकलून कापणारी नव्हती. आपल्याकडे ओढल्यावर कापणारी होती. आठवडाभर एक माणूस तिला ढकलत होता आणि वर तिच्याच नावानं बोटं मोडत होता!

"कापते!" काका ओरडले. "अहो, ओढल्यावर कापते!" आणि हे कुणाला तरी दाखवायला त्यांनी वळून पाहिलं.

मागे पायवाट होती. पायवाटेवर ऊन होतं. बाकी कुणी नव्हतं.

काका फांदीवरच बसले. मग त्यांनी फोन काढला. आजवर फोन नेहमी काकूच करायच्या.

"अहो! काय झालं?" काकूंचा आवाज घाबरा झाला. "बरं आहे ना?"

"अगं, ऐक. ढकलायची नसते ती. आपल्याकडे ओढायची असते!"

"काय ओढायची?"

"करवत! दात तसेच असतात तिचे. मी आपला ढकलत बसलो."

"कुठे आहात? डॉक्टर कुठायत?"

"डॉक्टर आले नाहीत. कुणीच आलं नाही. मी एकटाच आहे."

काकूंच्या मागे बाळ कुरकुरत होतं. मग त्यांनी तेच विचारलं, जे त्या नेहमी विचारायच्या. फक्त या वेळी जरा सावकाश. "मग... तिकिटाचं काय करू? ही म्हणते अजून थांब."

काकांचं तोंड सवयीनं उघडलं. 'थांब की' जिभेवर तयारच होतं. इतके महिने हे दोन शब्द ते रेटत आले होते. त्यांनी फांदीत अर्धवट रुतलेल्या पात्याकडे पाहिलं. दात सगळे त्यांच्याकडे तोंड करून बसले होते.

"नको थांबू," ते म्हणाले. "ये."

"काय म्हणालात?"

"ये म्हटलं. मला घरात करमत नाही. मी मजेत-बिजेत काही नाही. बटणांचा डबाही सांडलाय."

पलीकडे काकूंनी बाळ लेकीच्या हातात दिलं असावं. त्याची कुरकुर लांब गेली.

"मी दर फोनला विचारतेय, येऊ का, येऊ का," काकूंचा आवाज ओला झाला होता. "तुमचं आपलं थांब की, थांब की! मला वाटलं, माझ्यावाचून बरं चाललंय. आणि एवढं एक 'ये' म्हणायला तुम्हाला करवत लागली होय?"

काकांनी नाक पुसलं, तर नाकाला भुसा लागला.

"फोन ठेवू नकोस," ते म्हणाले. "अर्धीच कापून झालीय."

त्यांनी फोन शेजारच्या दगडावर टेकवला, बिस्किटांचा मोठा पुडा फोडून एक तोंडात टाकलं, पाय रोवला आणि करवत आपल्याकडे ओढली. खर्रर्र. पुन्हा ओढली. भुसा उडू लागला. आणि दगडावरून, सात समुद्रांपलीकडून, आवाज आला :

"बोटं सांभाळा हो!"